कतबा किती उंच, जागा कुणाची?

मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात मोहम्मद रफी साहेबांची कबर शोधत आजही लोक येतात. ३१ जुलैला, त्यांच्या बरसीला, तर येतातच. कबर काही सापडत नाही. मग जवळचं एक नारळाचं झाड दाखवलं जातं आणि लोक त्याच्या आसपास उभं राहून फातिहा पढतात. २०१० मध्ये या कब्रस्तानातल्या पक्क्या कबरी नव्या मय्यतींना जागा करण्यासाठी काढण्यात आल्या. रफी साहेबांसोबत मधुबाला आणि साहिर लुधियानवी यांच्या कबरींवरचं बांधकामही गेलं. बातम्या आल्या, चाहते हळहळले. आपल्या घरांत मात्र दोन तऱ्हेची मतं ऐकू आली. कुणी म्हणालं, पक्की कबर शरीअतमध्ये नाहीच, बरं झालं. कुणी म्हणालं, एवढ्या मोठ्या माणसाची निशाणीसुद्धा ठेवली नाही, हे काय झालं?

आम्हाला वाटतं दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत आणि त्यांच्या मधला प्रश्न आपण अजून नीट विचारलेला नाही. सार्वजनिक कब्रस्तानात एका कबरीवर किती बांधायचं, काय लिहायचं, ते किती वर्षं ठेवायचं आणि पडलं-झडलं तर कुणी बघायचं, हे कुठे लिहून ठेवलंय का? तुमच्या गावच्या किंवा मोहल्ल्याच्या कब्रस्तानाच्या फाटकावर वेळा लिहिलेल्या असतील, चपला कुठे काढायच्या हे असेल, कचरा टाकू नये असंही असेल. कतब्याबद्दल एक ओळ तरी आहे का, पुढच्या जुमेरातीला गेलात की बघून या.

आधी दीनची बाजू पाहू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. कबरीला चुना-गच्ची करणं, तिच्यावर बसणं आणि तिच्यावर इमारत उभारणं यांची त्यात मनाई आहे. पण अबू दाऊदमध्ये दुसरीही एक रिवायत आहे, ती कमी सांगितली जाते. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांची तदफीन झाल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका माणसाला दगड आणायला सांगितलं. त्याला तो उचलेना. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः बाह्या सारल्या, दगड उचलून आणला आणि सिरहान्याला ठेवला, म्हणजे आपल्या भावाची कबर ओळखू येईल आणि घरातलं माणूस गेलं तर त्याच्याजवळ दफन करता येईल. म्हणजे निशाणी ठेवणं ही सुन्नतमध्ये सापडणारी गोष्ट आहे. मनाई आहे ती बांधकामाची आणि सजावटीची.

लिहिण्याबाबत उलेमांमध्ये फरक आहे. हनफी फिकहमध्ये इब्न आबिदीन यांच्यासारख्या मोठ्या आलिमांनी गरज असेल तर नाव लिहायला वाव दिला आहे, कबरीची खूण मिटू नये आणि ती पायदळी येऊ नये एवढ्यापुरता. शाफईंकडे लिहिणं मकरूह मानलं जातं. पण शाफई फिकहमधला आणखी एक मसला आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या कोकणातल्या जमातींनी तर तो लक्षात ठेवावाच, कारण रत्नागिरी-रायगडची कोकणी मुस्लिम घरं शाफईच आहेत. इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिन्हाज’मध्ये साफ म्हटलंय की सर्वांसाठी सोडलेल्या कब्रस्तानात कुणी बांधकाम केलं तर ते पाडावं. कारणही फिकहमध्येच दिलेलं आहे. अशा बांधकामाने बाकीच्यांची जागा अडते. बघा, इथे सजावट वाईट की चांगली हा सवालच नाही. सवाल दुसऱ्याच्या हक्काचा आहे.

(दर्ग्यांचा विषय आम्ही इथे आणत नाही. तो वेगळा आहे, आणि त्यात शिरलो की मूळ मुद्दा बाजूला राहतो, हा नेहमीचा अनुभव.)

आता साधा हिशेब करू. कच्ची कबर साधारण ७ बाय ३ फूट धरा, २१ चौरस फूट झाले. तिच्यावर चौथरा घातला, कडेने संगमरवरी कठडा लावला की तीच ८ बाय ४ होते, म्हणजे ३२. दोन चौथऱ्यांच्या जागेत तीन कच्च्या कबरी बसतात. पण खरं नुकसान लांबी-रुंदीत नाही, वर्षांमध्ये आहे. मय्यत पूर्ण माती झाल्यावर त्याच जागी दुसरी तदफीन करायला फिकहमध्ये मुभा आहे आणि मोठ्या शहरांतली आपली कब्रस्तानं त्याच्यावरच चालतात. समजा एखाद्या ठिकाणी पाच वर्षांनी कबर फिरवतात. तर तीस वर्षांत एका कच्च्या जागेत सहा मय्यती सामावतात. चौथरा असेल तिथे एकच. उरलेल्या पाच कुठे गेल्या? त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कबरीची मुदत कमी करून गेल्या. आणि तो दुसरा कोण असतो, हे सांगायला नको. ज्याच्या घरच्यांकडे दगडाला पैसे नव्हते, ज्याचा पोरगा कामाला दुबईत किंवा भिवंडीत आहे आणि वर्षातून एकदा येतो, त्याच्या बापाची कबर आधी फिरते. तो पुढच्या शब-ए-बरातला येतो तेव्हा तिथे ताजी माती आणि परकी फुलं असतात.

कब्रस्तानात राजा आणि फकीर सारखेच, असं आपण मय्यतीच्या वेळी हमखास म्हणतो. बोलायला सोपं आहे. खुलताबादला औरंगजेबाची कबर उघड्या मातीची आहे, कडेची संगमरवरी जाळी निजामाच्या काळात नंतर आली. सौदीचे शाह अब्दुल्ला २०१५ मध्ये वारले, ते रियाधच्या सार्वजनिक कब्रस्तानात बिननावाच्या कबरीत आहेत. हजला गेलेल्यांनी जन्नतुल बकीमधले ते साधे, नाव नसलेले दगड पाहिलेत. मग आपल्या तालुक्याच्या कब्रस्तानात एखाद्या बिल्डरच्या वालिदांना काळ्या ग्रॅनाइटचा चौथरा का लागतो? घरच्यांची मोहब्बत खरी असेल, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. परवानगी कुणी दिली आणि कुठल्या नियमाने, एवढंच विचारायचंय.

जागेची ओढ किती आहे याचं उदाहरण मुंबईच्या पूर्व उपनगरांत दिसतं. गोवंडी-देवनारच्या बाजूला नव्या दफनभूमीसाठी लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. देवनार, रफी नगर आणि आणिक इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यालगतची जागा, अशा तीन जागांचा विषय न्यायालयापुढे आला, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने महापालिकेला दिरंगाईबद्दल चांगलंच सुनावलं. जिवंतपणी खोली मिळत नाही, मेल्यावर कबर मिळत नाही, हे तिथल्या माणसाचं रोजचं दुखणं आहे. सरकारकडून जागा मागायचा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण मागताना ‘आहे त्या जागेचं तुम्ही काय केलंत’ असं उलट विचारलं तर द्यायला हिशेब पाहिजे.

हे विचारणारे लोक आहेत, आणि ते आपल्या सोयीची वेळ बघत नाहीत. सप्टेंबर २०२२ आठवा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत दोषी ठरून २०१५ मध्ये फाशी झालेल्या याकूब मेमनच्या, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानातल्या कबरीचे फोटो फिरले. संगमरवर, वर दिवे. एका रात्रीत तो राज्याच्या राजकारणाचा विषय झाला. पोलिसांनी दिवे काढले, सरकारने चौकशी लावली, पक्षांनी एकमेकांवर आरोप केले, आणि वाहिन्यांवर आठवडाभर आपलं कब्रस्तान दिसत राहिलं. त्या कबरीवर काय असावं आणि काय नसावं हे ट्रस्टच्या कचेरीत, एका छापील कागदावर ठरायला हवं होतं. ते टीव्हीच्या स्टुडिओत ठरलं. सगळ्या कबरींना एकच माप, एकही दिवा नाही, एकही कठडा नाही, असा लेखी नियम असता आणि तो पाळला गेला असता, तर फोटो काढण्यासारखं तिथे काही राहिलंच नसतं.

कायदा या बाबतीत अर्धवट मदत करतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात दफनभूमीची नोंदणी आणि नव्या दफनभूमीची परवानगी यांच्या तरतुदी आहेत. आरोग्याच्या दृष्टीने काय करू नये तेही आहे. कतबा किती इंच असावा, हे ठरवणं बहुतेक ठिकाणी चालवणाऱ्यांच्या हातात राहतं. महापालिकेची दफनभूमी असेल तर महापालिका, वक्फची असेल तर मुतवल्ली किंवा ट्रस्ट, गावात असेल तर जमात. वक्फ जमिनीच्या बाबतीत एक गोष्ट पक्की आहे. ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण टाकता येत नाही, २०१३ च्या दुरुस्तीनंतर असे व्यवहार रद्दबातल ठरतात. मग काही जुन्या कब्रस्तानांत घराण्यांच्या नावाने जे राखीव ओटे आहेत, त्यांचं काय? ‘आमच्या आजोबांनी पैसे भरले होते’ असं सांगणारी पावती घरात असेल. ती पावती खिदमतीच्या खर्चाची समजायची की जमिनीच्या मालकीची? आमच्या मते पहिलीच. पण हे ट्रस्टने वकिलाला विचारून एकदा लेखी मांडायला हवं, दर मय्यतीला भांडत बसण्यापेक्षा.

लेखी नियम असला की काय होतं, याचा एक नमुना इंग्लंडमध्ये आहे. कोकणातली शेकडो घरं तिकडे स्थायिक झालीत, त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. तिथे बहुतेक मुसलमानांची तदफीन नगर परिषदेच्या सार्वजनिक दफनभूमीतल्या मुस्लिम विभागात होते. बर्मिंगहॅमजवळ वॉल्सॉल म्हणून गाव आहे. तिथल्या परिषदेच्या स्ट्रीटली दफनभूमीत नियम असा, की सिरहान्याला दगड लावा, धार्मिक कारणासाठी चार इंचांपर्यंत मातीचा उंचवटाही ठेवा, पण कबरीभोवती कठडा नको, कारण गवत कापायचं आणि जागा सपाट ठेवायची असते. एका मुलाने आपल्या वालिदांच्या कबरीला संगमरवरी कडा मागितली. लोक कबरीवरून चालतात, आमच्या श्रद्धेप्रमाणे तो गुनाह आहे, असं त्याचं म्हणणं. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये निकाल परिषदेच्या बाजूने लागला.

त्या मुलाची वेदना आम्हाला समजते. कबरीवर पाय पडू नये हे आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं आणि हदीसमध्येही त्याला आधार आहे. तरी निकालात शिकण्यासारखं आहे. नियम आधीपासून लिहिलेला होता. सगळ्यांना सारखा होता. मुस्लिमांची गरज धरून त्यात चार इंचांची सवलत घातलेली होती. म्हणून तो न्यायालयात टिकला. आपल्याकडचा तोंडी नियम असा टिकेल का? ‘त्यांना दिलं, मग आम्हाला का नाही’ या एका वाक्यापुढे तो कोसळतो, न्यायालय तर लांबच.

त्यांच्याकडून घेण्यासारखी दुसरी बाब म्हणजे देखभाल. २००० साली हॅरोगेटच्या दफनभूमीत दगड अंगावर पडून सहा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर परिषदा दगडांची तपासणी काटेकोरपणे करू लागल्या. डगमगता दगड सापडला की घरच्यांना कळवतात, नाहीतर आडवा करून ठेवतात. तिथे कबरीचा हक्कसुद्धा कायमचा नसतो, परिषद तो जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी देते. आपल्याकडे पावसाळ्यात माती खचते, कतबे तिरके होतात, आणि ईदच्या दिवशी पोरं त्यांच्यामधूनच धावतात. कोकणात एका पावसाळ्यात कबर किती बसते हे गोरकन मामांना विचारा. म्हणूनच जाणकार सांगतात, तदफीन झाल्या झाल्या दगड बसवू नये, एक पावसाळा जाऊ द्यावा. दगड लावायची घाई घरच्यांना असते, आणि तो चाळिसाव्याच्या आत उभा राहिला पाहिजे असं का कुणास ठाऊक, ठरूनच गेलंय.

आता कतब्यावर काय लिहायचं. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे फार जवळून दिसतं. आजोबांच्या कबरीवर सुंदर नस्तालीकमध्ये नाव कोरलेलं असतं आणि मराठी माध्यमात शिकलेला नातू शेजारच्या कबरीपुढे हात उचलून उभा असतो. त्याला वाचताच येत नाही. उर्दू जाऊ नये असं वाटणाऱ्यांत आम्ही पहिले. पण कतबा वाचला जावा म्हणून असतो, तेव्हा उर्दूखाली देवनागरीत नाव लिहायला काय हरकत आहे? सनही हिजरीसोबत इसवी लिहावा, म्हणजे कागदपत्रांशी मेळ बसतो. आणि आयती लिहू नयेत. जमिनीलगतच्या दगडावर कुरआनची आयत कोरायची, मग त्याच्यावर चिखल उडतो, कुत्री फिरतात, दगड फुटला की तुकडे राडारोड्यात जातात. बेअदबी टाळायची म्हणून उलेमा हेच सांगत आलेत. दगड विकणारा ‘बिस्मिल्लाह फ्री में डाल देता हूँ’ म्हणतो, त्याला नको म्हणायची हिंमत दुःखातल्या घराला नसते. नियम असला की त्या घराला हिंमत करावी लागत नाही.

पण कतब्यापेक्षा मोठी निशाणी कागदावर असते, आणि तिच्याबाबत आपण जास्त निष्काळजी आहोत. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने दफनभूमी सांभाळणाऱ्यावर मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे कब्रस्तानचं रजिस्टर ही मेहेरबानी नाही. गावाकडे अजून कित्येक ठिकाणी ते गोरकन मामांच्या डोक्यात असतं, आणि मामा गेले की रजिस्टरही जातं. मृत्यूचा दाखला नसला की सातबाऱ्यावर वारस लागत नाही, विधवेचं पेन्शन अडतं, विम्याचे पैसे अडकतात. संगमरवराचा दगड तहसील कचेरीत कुणी पुरावा म्हणून घेत नाही. वक्फच्या मालमत्ता २०२५ पासून केंद्राच्या उमीद पोर्टलवर चढवायच्या म्हणून सगळ्या मुतवल्लींची धावपळ झाली, जुने कागद शोधताना नाकी नऊ आले. त्याच धावपळीत कब्रस्तानचा नकाशा आणि रांगांचे क्रमांकही ज्यांनी करून घेतले असतील, ते पुढे सुटले.

एका गोष्टीवर जमातींत कधी बोललं जात नाही. आपल्या बहुतेक घरांत बायका कब्रस्तानात जात नाहीत. आईने पोराची कबर कधी पाहिलेलीच नसते. तिच्यासाठी कतब्याची उंची काय कामाची? रजिस्टरमध्ये रांग आणि क्रमांक असेल, कबरीचा एक फोटो घरी दिला असेल, आणि कबर फिरवण्याआधी ट्रस्टकडून फोन आला असेल, तर तिला पोराची जागा ठाऊक असते. नाहीतर तिला कुणीतरी कधीतरी सांगतं की तिथे आता दुसरं कुणीतरी आहे.

तेव्हा नियम कसा असावा? आमच्या मते एका कागदावर मावेल एवढा. सिरहान्याला एकच दगड, जमिनीवर दीड फुटापेक्षा उंच नाही, सगळ्यांना तेच माप. त्यावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तारीख आणि रजिस्टरचा क्रमांक. ज्याला परवडत नाही त्याचा दगड ट्रस्टच्या खर्चाने. चौथरा नाही, कठडा नाही, छप्पर नाही, लाइट नाही. कबर एक वीतभर मातीची. जिथे शाफई जमात लिखाण नको म्हणते तिथे फक्त क्रमांक ठेवा, भांडण नको. फिरवण्याची मुदत त्या मातीचा जाणता गोरकन सांगेल तीच धरावी, कारण खडकाळ जमिनीत आणि ओल्या जमिनीत फार फरक पडतो. घरच्यांना दोन महिने आधी फोन आणि मशिदीत नोटीस. पडका दगड दुरुस्त करायचा खर्च घरच्यांचा, कुणी आलं नाही तर दगड काढून क्रमांकाची पट्टी ठेवायची.

जुन्या पक्क्या कबरींचं काय, हा सगळ्यात अवघड भाग. एका रात्रीत हातोडा घालू नये. फोटो घ्या, कतब्यावरचा मजकूर रजिस्टरमध्ये उतरवा, वारसांना बोलवा, मग ठरवा. आणि सुरुवात विश्वस्तांच्या स्वतःच्या घराण्यांच्या ओट्यांपासून करा. गरिबाला आधी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

गोवंडीकडच्या त्या नव्या जागा आज ना उद्या ताब्यात येतील. जुन्या कब्रस्तानात नियम लावणं म्हणजे कुणाच्या तरी वालिदांच्या कबरीला हात लावणं, तिथे रडारड होणारच. नव्या जमिनीत तसं काही नाही. तिथे आधी रांगा आखून घ्या, क्रमांक टाका, रजिस्टर शिवून ठेवा, दगडाच्या मापाची पाटी उर्दू-मराठीत फाटकावर लावा. पहिली मय्यत त्यानंतर उतरू दे.